कणसे डॉक्टरांचा फिका चहा

कणसे डॉक्टरांनी लग्नं चुकवली, बारशी चुकवली, सख्ख्या चुलतभावाच्या घराची वास्तुशांत चुकवली. पण सावडणं कधी चुकवलं नाही. ज्याचं तोंड हयातीत पाहिलं नव्हतं, ज्याचं नावसुद्धा एसटीच्या कंडक्टरकडून कालच कळलं होतं, अशा माणसाच्या सावडण्यालाही ते पहिल्या गाडीनं हजर असत.

माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी राख गोळा करतात, ते सावडणं. आमच्या सातारा-सांगलीकडे एखादा मातीला चुकला तर त्याला माफी आहे, सावडण्याला चुकला तर नाही. नदीकाठी भावकी जमते. राख पाण्यात सोडतात. मग गेलेल्या माणसाला जे जे आवडायचं ते पत्रावळीवर मांडून सगळे लांब सरकतात आणि कावळ्याची वाट बघत उभे राहतात. त्या गर्दीत जरा बाजूला एक किरकोळ अंगाचा म्हातारा दिसायचा. खाकी पँट, कमरेला फौजी भाच्यानं दिलेला रुंद पट्टा, काखेत कातडी बॅग. सगळे आभाळाकडे बघत असत आणि हा एकटा पत्रावळीकडे. मग शेजारच्याला कोपरानं ढोसून तो हळूच विचारायचा,

"जिलेबी रीत म्हणून ठेवलीय, का खरंच खायचे?"

माहुलीच्या घाटावर एकदा एका दांडग्या जावयानं त्यांची बॅगच धरली. "आवं, तुमी कोण म्हणायचं? पाव्हणं कुणाकडचं?"

"मी मयताच्या मधुमेहाकडचा," डॉक्टर म्हणाले.

जावई बिचारा भावकीत असलं आडनाव कुठं आहे ते आठवत बसला, आणि तेवढ्यात डॉक्टरांनी त्याला चार प्रश्न विचारून घेतले. त्यांचे प्रश्न ठरलेले असत, आणि क्रमही. लघवीला मुंग्या कधी लागायला लागल्या? पाठीत दुखायचं का? डोळे पिवळे दिसायचे का? आणि शेवटी, धोतराला निऱ्या किती जास्त यायच्या? गेलेली बाई असली तर विचारायचे, बांगड्या मनगटावरून कुठवर चढायच्या? गावात वजनकाटा असतो तो ऊस मोजायला. माणूस किती झडला हे धोतराला आणि बांगड्यांनाच ठाऊक, असं त्यांचं म्हणणं होतं.

लोक त्यांना यमाचा तलाठी म्हणत. "आला बघ, सातबारा घ्यायला," अशी कुजबुज व्हायची. ती डॉक्टरांना ऐकू यायची आणि त्यांना तिचं काही वाटायचं नाही.

साताऱ्यात शनिवार पेठेत मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. दुष्काळाच्या कामांवर खडी फोडून आलेली माणसं अजून शहरात हमाली शोधत फिरत होती, आणि मी त्यांच्यासाठी पत्रकं काढत होतो. मी वाढलोच पत्रकांवर. वडिलांनी पाटीपेन्सिलीऐवजी हातात पत्रकं दिली होती म्हटलं तरी चालेल. प्रत्येक दुःखाला एक मालक असतो, त्याचं नाव ठळक अक्षरांत छापलं की निम्मं काम झालं, असं मी मानत असे. आजही पुष्कळसं मानतो.

अशा माणसाच्या नशिबी घरमालक कोण आला, तर ज्याच्या तोंडी एकच वाक्य होतं: "तसं म्हणता येणार नाही."

सरकारी दवाखान्यात जन्म काढून ते निवृत्त झाले होते. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारलं तरी हेच उत्तर. गल्लीतल्या कुणी वर बघून म्हणावं, "डॉक्टर, आज पाऊस लागणार," की डॉक्टर छत्री उघडत उघडत म्हणायचे, "तसं म्हणता येणार नाही." गवळ्यानं एकदा सहज विचारलं, "दूध चांगलं हाय न्हवं, डॉक्टर?" त्यालाही तेच. गवळी रुसला आणि यायचा बंद झाला. साखर त्या घरात आधीपासूनच नव्हती. तेव्हापासून डॉक्टरांकडचा चहा बिनदुधाचाही झाला. रोज सकाळी ते मला खाली हाक मारून तो काळाकुट्ट काढा कपभर पाजत. आलेल्या प्रत्येकाला पाजत. सातारा जिल्ह्यात त्यांच्या संशोधनापेक्षा त्यांच्या फिक्या चहाची कीर्ती जास्त होती.

त्यांचं संशोधन मात्र मला कळेल इतकं साधं होतं. मधुमेहाचे रोगी बघता बघता त्यांना त्यात दोन जाती दिसल्या होत्या. एक अंगानं भरलेली. ती माणसं वर्षानुवर्षं साखर बाळगून जगतात, पथ्य मोडतात, डॉक्टरला शिव्या देतात आणि नातवंडांची लग्नं बघून जातात. दुसरी जात काटक, उतारवयातली, जन्मात कधी दवाखान्याची पायरी न चढलेली. त्यांना साखर अचानक लागते. गोळ्या दिल्या, गोड तोडलं, की लघवीतली साखर जाते. डॉक्टर खूश, घरचे खूश. माणूस मात्र वितळत राहतो, आणि काही महिन्यांत संपतो.

"या लोकांची साखर हा मूळ रोगच नसावा," डॉक्टर म्हणायचे. "ती वर्दी असावी. पोटात मागं, पाठीला लागून स्वादुपिंड असतं. तिथं कॅन्सर बसलेला असतो. तो साखरेच्या हाती निरोप धाडतो, आणि आम्ही निरोप्यालाच झोडपत बसतो."

"असावी म्हणजे? आहे की नाही?"

"तसं म्हणता येणार नाही. माणसं कशानं मेली हे आधी कळलं पाहिजे."

आणि तेच कळत नव्हतं. गावच्या दाखल्यावर 'म्हातारपण' लिहिलेलं असे, नाहीतर 'ताप'. कॅन्सर हा शब्द घराच्या उंबऱ्याच्या आत कुणी उच्चारत नसे. घरात लग्नाच्या पोरी असत, आणि असला शब्द एकदा घराला चिकटला की स्थळं यायची थांबतात. डॉक्टरांचा अनुभव असा की राख पाण्यात गेली की माणसाची जीभ जरा सैल होते. कावळा शिवेपर्यंतचा तो वेळ त्यांचा. "कावळा लवकर आला की माझं नुकसान होतं," ते अगदी गंभीरपणे सांगायचे.

कावळा शिवणं हे थोतांड आहे, असं पत्रक मी स्वतः काढलं होतं. पण डॉक्टरांबरोबर जायला लागलो. एक तर ते वाटेत चांगलं बोलत, आणि दुसरं म्हणजे मला त्यांच्याकडून काहीतरी हवं होतं. ते पुढं सांगतो.

जिवंत माणसंही त्यांच्या तावडीतून सुटत नसत. बॅगेत परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या द्रावणाची बाटली. द्रावणात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी होत होत विटेसारखं लाल झालं तर भरपूर. भेटलेल्या माणसाला ते नमस्काराआधी विचारत, "सकाळची आणलीय का?" तासगावकडे डॉक्टर एका द्राक्षबागाईतदाराच्या म्हाताऱ्या बापाला तपासत होते. बागाईतदारानं ती निळी बाटली उन्हात धरून बघितली आणि म्हणाला, "डॉक्टर, ह्यात तर मोरचूद हाय! आमी द्राक्षावर मारतो की ह्यो."

"आहे खरा."

"मग म्हाताऱ्याला पाजताय का फवारताय?"

डॉक्टर इतके हसले की दिवा विझला. त्यांना असं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही. म्हाताऱ्याची नळी त्या दिवशी विटकरी झाली. पुढच्या हंगामात आम्ही त्याच बागेच्या मालकाला नदीवर भेटलो.

आता मला काय हवं होतं ते. इस्लामपूरच्या अलीकडे एक साखर कारखाना होता. नाव घेत नाही. त्याच्या चेअरमनविरुद्ध मी पत्रक लिहीत होतो. मजुरांच्या झोपड्या, मळीचं घाण झालेलं पाणी, सगळं त्यात होतं. फक्त शेवटी एक दणका हवा होता: साखर माणसं मारते, असं एक डॉक्टर सांगतो. मी पत्रकाचा मसुदा डॉक्टरांना वाचायला दिला. त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि 'नरराक्षस' खोडलं. 'रक्तपिपासू' खोडलं. 'साखरेनं मधुमेह होतो, मधुमेहानं कॅन्सर होतो' यापुढं त्यांनी बारीक अक्षरांत लिहिलं, 'कशावरून?' मसुदा परत आला तेव्हा त्यात 'शेतकरी बंधूंनो' आणि छापखान्याचा पत्ता एवढंच शाबूत होतं.

मी भडकलो. म्हणालो, "डॉक्टर, लोक मरतायत. सरकारी दवाखान्यात इन्शुलिन नाही, आलं तर ठेवायला बर्फ नाही. आणि तुम्ही निऱ्या मोजताय!"

"दवाखान्याचं लिही. ते खरं आहे," ते म्हणाले. "त्यावर माझी सही घे."

त्यांनी खरंच सही केली. त्या सहीपायी निवृत्तिवेतनाच्या कचेरीनं त्यांना पुढं किती खेटे घालायला लावले ते मला ठाऊक आहे. त्याबद्दल ते कधी एका शब्दानं बोलले नाहीत.

योगायोग असा की त्याच चेअरमनचे वडील त्या सुमाराला वारले. सावडण्याला निम्मा तालुका. पत्रावळीवर जिलेबी, पेढे, श्रीखंड, बासुंदीची वाटी. कावळे कठड्यावर रांग धरून बसलेले, पण एकही खाली उतरेना. चेअरमन हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "आबा, धाकट्याला कारखान्यात घेतो!" कावळे ढिम्म. "आबा, देवळाचा कळस करतो!" तरी ढिम्म. त्या शांततेत डॉक्टरांचा आवाज स्पष्ट ऐकू आला:

"शेवटी शेवटी धोतराला निऱ्या किती जास्त यायच्या?"

चेअरमनची माणसं आली. त्यांनी डॉक्टरांना दोन्ही बगलांत धरून, पाय जमिनीला न लागू देता, घाटाच्या पायऱ्या चढवून वर रस्त्यावर ठेवलं. बॅग मागून आली. पाठोपाठ चेअरमन स्वतः आले आणि दात आवळून म्हणाले, "आमचे आबा म्हातारपणानं गेले. दुसरा शब्द काढाल तर याद राखा. घरात तीन पोरी हायत माझ्या."

"तसं म्हणता येणार नाही," डॉक्टर कपडे झटकत म्हणाले. मी त्यांना ओढत एसटी स्टँडवर नेलं.

नंतर काही दिवसांनी एका दुपारी शनिवार पेठेत चेअरमनची गाडी उभी राहिली. चेअरमन एकटेच उतरले. धोतराच्या सोग्याखाली बाटली. बाटली परदेशी दारूची, आत काय होतं ते सांगायला नको. "आबांना साखर अचानकच लागली हुती," ते खाली मान घालून म्हणाले. "निऱ्या... लय यायच्या. आई दोनदा खोचून द्यायची. आता मला बी तहान लागतीया."

डॉक्टरांनी दिवा पेटवला. नळी उकळली. निळीच राहिली. चेअरमनच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी त्यांना फिका चहा पाजला आणि सांगितलं, "वजन उतरायला लागलं तर मात्र लगेच या."

गाडी गेल्यावर मी जिन्यावरूनच ओरडलो, "त्या माणसाला कशाला तपासलंत?"

"लघवीला पक्ष नसतो रे," ते म्हणाले आणि नळी धुवायला गेले.

सांगलीला डॉक्टर मंडळींची एक सभा भरली होती. तिथं कणसे डॉक्टरांनी आपलं म्हणणं मांडायचं ठरवलं. कोट इस्त्री करून घेतला. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि निऱ्यांपाशी येताच पुढच्या रांगेत खसखस पिकली. एकानं उठून विचारलं, "निरी हे कुठलं एकक? ग्रॅममध्ये किती?" सगळी सभा हसली. डॉक्टर थांबले. म्हणाले, "माझे रोगी तुमच्या काट्यावर चढायला आले नाहीत. ते मला मेल्यावर भेटले." पण हशा ओसरला नव्हता, त्यात ते वाक्य बुडून गेलं. अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. चहापानाला पेढे होते. डॉक्टरांनी आपला पेढा माझ्या हातावर ठेवला आणि आम्ही कृष्णेच्या काठानं चालत स्टँडवर आलो. स्टँडवरच्या फळ्यावर खडूनं कुणाच्या तरी निधनाची खबर लिहिलेली होती. ती त्यांनी वाचली आणि सवयीनं विचारलं, "सावडणं कधी आहे?"

त्यांच्या घरातली एक गोष्ट मात्र मला सुरुवातीपासून चक्रावून टाकत होती. या बिनसाखरेच्या घरात, माजघराच्या फळीवर, गोणपाटात गुंडाळलेल्या गुळाच्या ढेपांची उतरंड होती. रहिमतपूरजवळच्या त्यांच्या गावी घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. दर हंगामाला त्यांचा भाचा नामदेव, फौजेतून परतलेला हवालदार, एक ढेप आणून द्यायचा. डॉक्टर ती फोडत नसत, कुणाला देत नसत, टाकतही नसत. पावसाळ्यात खालच्या ढेपा पाझरायच्या. मुंग्यांची वाट भिंतीवरून वर माझ्या खोलीपर्यंत यायची.

मी एकदा वैतागून म्हटलं, "डॉक्टर, हा गूळ वाटून तरी टाका."

"माझा नाही तो," ते म्हणाले. "पेशंटचा आहे."

थंडीचे दिवस होते. नामदेव आदल्या दिवशी नवी ढेप देऊन गेला होता. सकाळी मी खाली आलो तेव्हा डॉक्टर खिडकीशी पाठमोरे उभे होते. इतक्या सावडण्यांना त्यांच्याबरोबर गेल्यावर माणसाच्या तोंडाआधी कमरेकडे बघायची सवय मलाही लागली होती. फौजी पट्ट्याचं टोक पूर्वी बोटभर बाहेर यायचं. आता ते वळून पार पाठीमागच्या पट्टीत खोचलेलं होतं, आणि पट्ट्यावर मूळच्या भोकांच्या रांगेबाहेर, वेडंवाकडं, दाभणानं पाडलेलं एक भोक होतं.

"डॉक्टर, हे भोक कधी पाडलंत?"

ते वळले आणि हसले. "शाबास. अखेर कुणीतरी माझं एकक मानलं."

"पाठीत दुखतं?"

"क्रम चुकला. आधी मुंग्या विचारायच्या."

"मुंग्या?"

"गुळावरच्या मुंग्यांना आता मोरीचीही वाट सापडलीय, एवढंच."

खिडकीत नळी ठेवलेली होती. विटकरी. मी तिच्याकडे बघत राहिलो. मग माझ्या नेहमीच्या आवाजात सुरू झालो: आत्ताच्या आत्ता मिरजेला चला, मोठे सर्जन आहेत, पोट उघडून बघतील, काढून टाकतील...

"आक्काचं उघडलं होतं," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, नामदेवची आई. डॉक्टर रांगत होते तेव्हा त्यांची आई गेली, आणि आक्कानं त्यांना वाढवलं. गुऱ्हाळ लागलं की काहिलीच्या कडेला धरलेला कोवळा गूळ ती पदराच्या गाठीत बांधून शाळेच्या भिंतीपाशी येऊन उभी राहायची. या गुळावर आपण शिकलो, असं डॉक्टर म्हणाले. लग्न त्याच गावात झालं तिचं, तेही भाऊ लहान आहे म्हणून हट्टानं.

"तिला साखर लागली," ते बोलत होते, नळीकडे बघत. "काटक बाई. कधी आजारी नाही. मी तिचा डॉक्टर भाऊ. मी पथ्य घातलं. घरातल्या ढेपा माझ्या हातानं बाहेर काढून इथं आणल्या. ती म्हणायची, 'शिवा, एक खडा दे रं.' मी म्हणायचो, 'आक्का, विष आहे ते.' नळी निळी झाली तेव्हा मी गावभर सांगत सुटलो, आक्का बरी झाली म्हणून. आणि तिच्या बांगड्या कोपराला टेकल्या होत्या. समोर दिसत होत्या मला. मिरजेला पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. आत काही करण्यासारखं राहिलं नव्हतं."

मी खाली पाटावर बसलो.

"घरी आणल्यावर तरी द्यायचा की नाही खडा? तेव्हाही दिला नाही मी. नळी निळी ठेवायची होती मला. तिसऱ्या दिवशी नामदेवानं पत्रावळीवर गूळ ठेवला. पत्रावळ ठेवून हात मागं घेतोय तोवर कावळा आला. लोक म्हणाले, मोकळी झाली. तिला जे वर्षभर दिलं नाही ते मी कावळ्याला दिलं."

बाहेर बोहारणीची हाक गेली. डॉक्टरांनी नळी उचलून मोरीत रिकामी केली, विसळली, पालथी ठेवली.

"हा कॅन्सर बरा करायची अक्कल माझ्यात नाही, मला माहीत होतं. माझा प्रश्न तेवढा मोठा नव्हता. ज्याची साखर ही नुसती वर्दी आहे, ज्याचं पुढचं सगळं ठरलेलंच आहे, तो आधी ओळखता यावा. म्हणजे निदान त्याचा गूळ तरी कुणी तोडणार नाही. एवढंच मला सिद्ध करायचं होतं."

"झालं का सिद्ध?"

"तसं म्हणता येणार नाही," ते म्हणाले. मग खुर्चीत बसले, पट्टा सैल केला. "चहा टाक. आणि ढेप फोड."

मी नवी ढेप काढायला गेलो.

"ती नको. सगळ्यात खालची."

वरच्या ढेपा उतरवून मी खालची काढली. काळी पडली होती, गोणपाट तिच्यात रुतलं होतं. बत्त्यानं खडा फोडला, मुंग्या झटकल्या, चहात टाकला. डॉक्टरांनी कप दोन्ही हातांत धरला, लहान मूल धरतं तसा, आणि एक घोट घेतला.

"खारट झालाय जरा," ते म्हणाले. सगळा प्याले. कपाच्या तळाला राहिलेला गूळ बोटानं पुसून घेतला.

रोज सकाळी मग मी त्यांना तसाच चहा करून देत होतो. माझ्या कपात गूळ टाकायला ते परवानगी देत नसत. "तू धडधाकट आहेस. तुला फिकाच."

उन्हाळ्याच्या तोंडाला नामदेव त्यांना गावी घेऊन गेला. जाण्याआधी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, मी गेल्यावर मला सातारला न्या, पोट उघडा, आत काय आहे ते डोळ्यांनी बघून घ्या. जन्मभर लोकांना विचारत फिरलो, माझ्याबद्दल तरी कुणाला विचारायची वेळ येऊ नये.

ते गेल्याची तार आली तेव्हा मी पहिल्या एसटीनं गावी पोचलो. नामदेव सोप्यात बसला होता. मी आठवण करून दिली. त्यानं मान हलवली.

"न्हाई जमायचं. आईला फाडली तेवढं बास झालं. मामाला फाडून देणार न्हाई मी."

मी बोललो. विज्ञान, वचन, मेलेल्या माणसाचा हक्क, पुढच्या रोग्यांचं भलं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण मी त्या सोप्यात केलं. ऐकायला नामदेव आणि दावणीची म्हैस. नामदेव उठून उभा राहिला, फौजेत राहतात तसा ताठ. "तुमचं खरं असंल, दादा," तो म्हणाला. "पर त्यास्नी आता दुखवायचं न्हाई." संध्याकाळच्या आत माती झाली. जे बघायचं होतं ते जळून गेलं.

तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठी मी जी गर्दी पाहिली ती त्या गावानं पुढाऱ्याच्या सभेलाही पाहिली नसेल. तासगावचा बागाईतदार आला होता. माहुलीच्या घाटावर बॅग धरणारा जावई आला होता. ज्यांच्या ज्यांच्या सावडण्याला डॉक्टर बिनबोलावता गेले होते, त्या घरांतून माणसं आली होती. एसटीचे कंडक्टर खाकी कपड्यांत आले होते. चेअरमन मागं झाडाखाली एकटे उभे होते, आणि त्यांचं धोतर नीट बसलेलं आहे हे मी आधी बघून घेतलं.

"डॉक्टर कशानं गेलं म्हणायचं?" जावयानं विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पत्रकात मी हजार गोष्टी छातीठोकपणे लिहिल्या आहेत. तिथं माझ्या तोंडून एवढंच आलं, "तसं म्हणता येणार नाही."

राख ओढ्यात गेली. नामदेवनं पत्रावळ मांडली आणि तो गोंधळून वळला. "मामाला काय आवडायचं?"

त्याला ठाऊक नव्हतं. भावकीला ठाऊक नव्हतं. जिल्ह्यातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाची आवड ज्यानं विचारली, त्याची कुणी विचारली नव्हती. मग मागून कंडक्टर म्हणाला, "फिका चहा!" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. व्हय, व्हय, फिका चहा. लय आवडायचा. आमालाबी पाजायचे. घरून कपबशी आणली, काळा चहा आला, पत्रावळीवर ठेवला. माणसं लांब सरकली. समोरच्या बाभळीवर कावळे होते.

माझ्या खिशात शनिवार पेठेतून कागदात बांधून आणलेला खडा होता, त्याच काळ्या ढेपेचा. मी पुढं झालो आणि तो कपात टाकला.

"आवं दादा!" बागाईतदार ओरडला. "डॉक्टरास्नी गूळ चालत न्हवता!"

"चालतो," मी म्हणालो, आणि खडा विरघळेपर्यंत बोटानं चहा ढवळत तिथंच बसलो.